ज्याला लढावयाचें नव्हतें असा शिपाई

अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली ती १९१७ च्या एप्रिलमध्यें. त्यानंतर दोन महिन्यांनीं, जूनच्या ५ तारखेस, त्या देशांतील २१ ते ३० वर्षांच्या प्रत्येक पुरुषास सक्तीच्या सैन्यभरतीसाठीं आपलें नांव नोंदवावें लागलें. टेनेसी राज्याच्या उत्तरेकडील डोंगरांत पॉल मॉल म्हणून एक लहानसें खेडें आहे. तेथें त्या दिवशीं आल्विन यॉर्क नांवाच्या एकोणतीस वर्षांच्या, तांबूस केसांच्या आणि चांगल्या सहा फूट उंचीच्या शेतमजुरानें नोंदणीचा कागद भरून दिला. भरतींतून सूट मागावयाची आहे काय, असा त्या कागदावर एक प्रश्न होता. यॉर्कनें होय म्हणून उत्तर दिलें; आणि कारण एवढेंच दिलें कीं, आपल्याला लढण्याची इच्छा नाहीं.

या गोष्टीस सोळा महिने झाले न झाले तोंच हाच मनुष्य फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यांतून, सात सोबत्यांच्या साहाय्यानें, १३२ जर्मन कैदी पुढें घालून आपल्या छावणींत आला. त्याच्या पराक्रमाची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. १९४१ सालीं निघालेल्या 'सार्जंट यॉर्क' या बोलपटानें ती जगभर नेली. परंतु बोलपट जेथें संपतो तेथून पुढें यॉर्क आणखी पंचेचाळीस वर्षें जगला. त्या पंचेचाळीस वर्षांची हकीकत त्या एका सकाळच्या हकीकतीहून कमी मोलाची नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि युद्धापूर्वींच्या तीस वर्षांवांचून तर दोहोंचाहि अर्थ लागत नाहीं.

यॉर्कचा जन्म १३ डिसेंबर १८८७ चा. वुल्फ नदीच्या खोऱ्यांत लांकडी ओंडके रचून केलेल्या दोन खोल्यांच्या घरांत तो जन्मला. अकरा भावंडांत तो तिसरा. बाप थोडीशी शेती करी, आणि जोडीला लोहारकी. घोड्यांना नाल ठोकावे, शेजाऱ्यांचीं अवजारें सांधून द्यावीं, आणि हातांत काम नसेल तेव्हां बंदूक घेऊन रानांत शिरावें, असा त्याचा क्रम असे. घरांत मांस यावयाचें तें बहुधा या बंदुकीच्याच जोरावर. एवढ्या मोठ्या कुटुंबांत मुलांचे हात शेतावर लागत. शाळेंत धाडण्यास सवड कोठून असणार? आल्विनचें सगळें शालेय शिक्षण एकंदर नऊ महिन्यांचें. अक्षरओळख झाली, मोडकेंतोडकें लिहितां येऊं लागलें, आणि विद्यार्थिदशा संपली.

दुसरी एक विद्या मात्र तो पुरतेपणीं शिकला. त्या डोंगरांत सुटीच्या दिवशीं नेमबाजीच्या शर्यती होत. टर्की हा कोंबड्याहून बराच मोठा पक्षी. तो ओंडक्याच्या आड बांधीत. ओंडक्यावरून त्याचें डोकें मधूनच वर येई आणि क्षणांत नाहींसें होई. ठराविक पैसे भरून एक गोळी झाडावयाची; त्या हलत्या डोक्यावर गोळी लागली तर पक्षी आपला, नाहीं तर पैसे गेले. बैलाच्या शर्यतींत मांसाचे पांच वाटे असत आणि नेमाच्या क्रमानें ते वांटले जात. एखाद्या पट्ठ्यानें पांचहि जिंकले तर तो जिवंत जनावरच घरीं हांकून नेई. ही माहिती येथें विस्तारानें देण्याचें कारण वाचकांस पुढें कळेलच.

१९११ सालीं बाप वारला. दोघे वडील भाऊ लग्न करून आपापल्या बिऱ्हाडीं गेले होते. विधवा आई आणि पाठचीं भावंडें यांचा भार तिसऱ्या मुलावर आला. वडीलकीचा मान थोरल्याला आणि भार मात्र जो घरीं राहिला त्याला, हा प्रकार आपल्याकडील एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस कांहीं नवा वाटणार नाहीं. आल्विन घरची जमीन कसी, दुसऱ्यांच्या शेतावर रोजानें राबे, झाडें तोडण्याच्या आणि रेल्वेच्या बांधणीच्या कामावरहि तो कांहीं काळ गेला. कष्टाला तो कधीं चुकला नाहीं. पण शनिवारची मजुरी हातांत पडली कीं त्याचे पाय केंटकी राज्याच्या हद्दीवरील दारूच्या गुत्त्यांकडे वळत. दारू, जुगार आणि मारामाऱ्या यांत त्याच्या तारुण्याचीं कांहीं वर्षें गेलीं. आई रात्र-रात्र त्याची वाट पाहात बसे.

१ जानेवारी १९१५ या दिवसापासून त्यानें हें सारें सोडलें. गांवांत एका ख्रिस्ती पंथाच्या प्रवचनांची मालिका चालू होती. ती ऐकून त्याच्या मनानें पालट घेतला, आणि घेतला तो कायमचा. आईच्या शब्दाचाहि यांत वांटा होता. आणि शेजारच्या ग्रेसी विल्यम्स या मुलीवर त्याचें मन जडलें होतें, तिचाहि असावा. हा पंथ लहान होता, पण त्याची शिस्त कडक. दारूप्रमाणेंच युद्धहि त्यांत निषिद्ध. यॉर्क पंथाच्या मंडळींतील एक प्रमुख झाला, प्रार्थनेच्या वेळीं गाणें सांगूं लागला. आणि दोन वर्षांनीं सरकारचा कागद आला!

गंमत अशी कीं, गांवांत भरतीची नोंदणी करण्याचें काम ज्यांच्याकडे होतें ते पाइल नांवाचे गृहस्थ गांवचे दुकानदार, पोस्टमास्तर आणि त्याच पंथाचे धर्मोपदेशक. सूट मागण्याचा सल्ला यॉर्कला मिळाला तो त्यांच्याकडूनच. पण अर्ज नामंजूर झाला. अपील केलें, तेंहि फेंटाळलें गेलें. बायबलापलीकडे या पंथाचा स्वतंत्र असा लिखित धर्मनियम नाहीं, सबब त्याचा युद्धविरोध मान्य करतां येत नाहीं, असें कारण वरिष्ठांनीं दिलें. नोव्हेंबर १९१७ मध्यें यॉर्क सैन्यांत दाखल झाला, आणि पुढें जॉर्जियांतील कँप गॉर्डन येथें ८२ व्या डिव्हिजनच्या ३२८ व्या पलटणींत आला. सरकारचा हुकूम मोडावयाचा नाहीं, आणि देवाचाहि मोडावयाचा नाहीं, अशा कात्रींत तो सांपडला होता.

त्याची नेमबाजी पाहून अधिकारी थक्क झाले. पण या उत्तम नेमबाजानें आपल्या कॅप्टनला स्पष्ट सांगितलें कीं, निशाणावर गोळ्या झाडण्यास माझी हरकत नाहीं, माणसांवर मला झाडवणार नाहींत. कॅप्टन डॅनफर्थ यांनीं त्याला मेजर बक्स्टन यांच्याकडे नेलें. दुसरा एखादा अधिकारी असता तर त्यानें या अडाणी मजुराला भित्रा ठरवून कोठडी दाखविली असती. बक्स्टन यांनीं त्याला समोर बसवून घेतलें, बायबल पुढें ओढलें आणि त्या रात्रीं कितीतरी वेळ दोघांचा शास्त्रार्थ चालला. स्वतः ख्रिस्तानें एका प्रसंगीं शिष्यांना अंगरखा विकून तरवार घेण्यास सांगितलें होतें, राजाचें राजाला द्यावें असेंहि तो म्हणाला होता, इत्यादि आधार मेजरांनीं काढले. शत्रूची तरवार येतांना पाहूनहि जो पहारेकरी शिंग फुंकीत नाहीं, त्याच्या माथीं लोकांचें रक्त बसतें, हें जुन्या करारांतील वचन कॅप्टननीं वाचून दाखविलें. यॉर्कनें सर्व ऐकलें, आणि विचार करावयास वेळ मागितला. त्याला दहा दिवसांची रजा मिळाली.

येथें आपल्या वाचकांस अर्जुन आठवेल. आठवावा हें साहजिकच आहे. पण भेद आहे तोहि ध्यानांत ठेवावा. अर्जुनाचा हात थरथरला तो समोर आप्तस्वकीय दिसले म्हणून. यॉर्कनें तर समोरच्या माणसांचें नांवहि ऐकलें नव्हतें. अर्जुनाला सारथी होता. यॉर्क गांवीं जाऊन डोंगरांत एकटाच प्रार्थना करीत बसला. उतरून आला तेव्हां आपण लढावें ही देवाची इच्छा आहे आणि आपण सुखरूप परत येणार आहों, अशी त्याची खात्री झाली होती. ही खात्री खरी कीं आईला व ग्रेसीला सोडून जाणाऱ्या मनानें शोधलेला आधार, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पुढें त्यानें कुरकुर केली नाहीं, एवढें खरें.

१९१८ च्या मे महिन्यांत पलटण समुद्रापार गेली. ८ ऑक्टोबरच्या सकाळीं ६ वाजून १० मिनिटांनीं, शातेल-शेहेरी या गांवाजवळील २२३ क्रमांकाच्या टेकडीवरून हल्ला सुरू झाला. जर्मन सैन्याला रसद पुरविणारी एक अरुंद रेल्वे पलीकडे होती, ती घ्यावयाची होती. मधल्या उघड्या खोऱ्यांत अमेरिकन शिपाई उतरले आणि तिन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून मशीनगनांचा वर्षाव सुरू झाला. पहिली रांग जागच्या जागीं आडवी झाली.

तेव्हां सार्जंट अर्ली याच्या हाताखालीं सतरा जणांची एक तुकडी डावीकडून झाडींतून वळसा घालून शत्रूच्या पिछाडीस गेली. यॉर्क तेव्हां कॉर्पोरल, म्हणजे आपल्याकडील नाईक, झाला होता. तो त्यांत होता. रेडक्रॉसचा पट्टा बांधलेले दोन जर्मन त्यांना पाहून पळाले. त्यांच्या मागोमाग जातां जातां ही मंडळी अचानक एका जर्मन ठाण्यावर जाऊन धडकली. तेथें अधिकारी आणि शिपाई न्याहारी करीत होते. शस्त्रें बाजूला ठेवलेलीं. त्यांनीं हात वर केले. पण समोरच्या चढावरील मशीनगनवाल्यांच्या तें लक्षांत आलें. त्यांनीं तोफा फिरविल्या, ओरडून आपल्या लोकांना आडवें पडण्यास सांगितलें आणि गोळीबार केला. निमिषांत सहा अमेरिकन ठार झाले, तीन जखमी. अर्लीहि जखमी झाला. मेलेल्यांत कॉर्पोरल सॅव्हेज होता. तो यॉर्कचा पलटणींतील सर्वांत जिवलग मित्र.

उरले आठ. त्यांपैकीं सात कैद्यांना धरून जमिनीला चिकटले. तुकडीचा अधिकार आतां यॉर्ककडे आला. जर्मन गोलंदाजांना आपल्याच कैद झालेल्या माणसांना वांचवून गोळ्या मारावयाच्या होत्या. त्यासाठीं त्यांना खड्ड्यांतून डोकें वर काढून पाहावें लागे. ओंडक्याच्या आडून टर्कीचें डोकें वर येई तसें तें डोकें वर आलें कीं यॉर्कची गोळी तेथें असे. मधून मधून तो त्यांना ओरडून सांगे, शरण या, म्हणजे मला आणखी मारावें लागणार नाहीं. इतक्यांत सहा जण संगिनी लावून खड्ड्यांतून त्याच्यावर धांवून आले. त्यानें पिस्तुल काढलें, आणि सर्वांत मागच्यावर पहिली गोळी झाडून मग पुढच्याकडे येत गेला. रानटी पक्ष्यांचा थवा आला म्हणजे डोंगरांतले शिकारी असेंच करीत. मागचा पडला तें पुढच्याला दिसत नाहीं, आणि थवा फुटत नाहीं. शेवटीं कैद्यांमधील लेफ्टनंट फोल्मर, ज्याला इंग्रजी येत होतें, पुढें आला आणि गोळीबार थांबविशील तर सगळ्यांना शरण आणतों, असें म्हणाला. त्यानें शिटी वाजविली. खड्ड्यांतून माणसें हात वर करून उतरूं लागलीं.

परत येतांना वाटेंत जर्मनांचीं आणखी ठाणीं लागलीं. फोल्मरला पुढें घालून यॉर्क एकेका ठाण्याला शरण आणीत गेला. एक मशीनगनवाला मात्र ऐकेना. त्याला मारावें लागलें. आणि त्या एका माणसाचा विचार पुढें कितीदां तरी आपल्या मनांत आला, हें यॉर्कनें स्वतः सांगून ठेवलें आहे. छावणींत मोजदाद झाली तेव्हां चार अधिकारी आणि १२८ शिपाई भरले. जनरल लिंडसे यांनीं विनोदानें विचारलें, सारी जर्मन फौजच पकडलीस म्हणे? यॉर्कनें अदबीनें उत्तर दिलें कीं नाहीं साहेब, एकशें बत्तीसच आहेत.

दुसऱ्या दिवशीं परवानगी काढून तो त्या जागीं परत गेला. आपला कोणी सोबती अजून जिवंत असेल काय, हें त्याला पाहावयाचें होतें. कोणी नव्हता. तेथें उभें राहून त्यानें मेलेल्यांसाठीं प्रार्थना केली, आपल्या आणि जर्मनांच्याहि.

सारें श्रेय एकट्या यॉर्कला दिलें गेलें हें त्याच्या कांहीं सोबत्यांना पुढें खुपलें, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. सात जणांनीं कैदी धरून ठेवले नसते तर यॉर्कची पाठ मोकळी राहिली नसती. अर्लीच्या कामगिरीबद्दल त्याला पदक मिळालें तें १९२९ सालीं, अकरा वर्षांनीं. वर्तमानपत्रांना एकच नायक सोयीचा वाटतो. त्याला यॉर्क काय करणार? त्याला मात्र सार्जंटचा हुद्दा मिळाला, अमेरिकेचें सर्वोच्च पदक मिळालें, फ्रान्सनें गौरव केला. एप्रिल १९१९ मध्यें एका मोठ्या साप्ताहिकांत त्याची हकीकत छापून आली, आणि मे महिन्यांत तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला तेव्हां शहर त्याच्या स्वागताला लोटलें. त्याला उतरविलें वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या आलिशान हॉटेलांत. यॉर्कला पाहावयाची होती ती तेथील जमिनीखालून धांवणारी आगगाडी. वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींनीं सभागृहांत उभें राहून टाळ्या वाजविल्या. नाटकवाले, चित्रपटवाले, जाहिरातवाले हजारों डॉलर घेऊन दारांत उभे होते. आपल्या अंगावरील गणवेष विक्रीला नाहीं, असें सांगून तो आईकडे निघून गेला. ७ जून रोजीं डोंगरांत, खुल्या आकाशाखालीं, ग्रेसीशीं त्याचें लग्न झालें. लग्न लावलें खुद्द टेनेसीच्या गव्हर्नरांनीं.

बोलपट संपतो तो येथेंच. कृतज्ञ जनतेनें दिलेली टुमदार शेतवाडी ग्रेसी त्याला दाखवीत आहे, असा शेवटचा देखावा आहे. खरा प्रकार निराळा होता. नॅशव्हिलच्या एका मंडळानें वर्गणी काढून सुमारें ४०० एकर जमीन त्याला देऊं केली, पण वर्गणी पुरी जमली नाहीं. जमीन हप्त्यांनीं घेतलेली. तिच्यावर ना गुरें, ना अवजारें. तीं उधारीनें आणावीं लागलीं. तेवढ्यांत युद्धोत्तर मंदी आली, धान्याचे भाव कोसळले, आणि ज्यानें हजारोंच्या देणग्या नाकारल्या होत्या तो १९२१ सालीं कर्जबाजारी होऊन बसला. वर्तमानपत्रांतून पुन्हा हांक घालून ती जमीन सोडवावी लागली. दान देणाऱ्याचा गाजावाजा आणि फेड घेणाऱ्याच्या माथीं, असें हें दान!

परदेशांतून यॉर्क एक गोष्ट मनांत घेऊन आला होता. आपल्या डोंगराबाहेर केवढें जग आहे, आणि नऊ महिन्यांच्या शाळेवर तें किती थोडें कळतें, हें त्याला तेथें उमगलें. डोंगरांतल्या मुलांसाठीं चांगली शाळा काढावयाची, तींत अक्षरविद्येबरोबर शेती आणि हातकामहि शिकवावयाचें, असें त्यानें ठरविलें. युद्धाची गोष्ट स्वतःहून सांगणें त्याला आवडत नसे. पण शाळेसाठीं पैसा हवा म्हणून तो गांवोगांव व्याख्यानें देत हिंडला. लोक लढाई ऐकावयास येत, आणि यॉर्क त्यांना शाळेबद्दल सांगे.

१९२६ सालीं जेम्सटाउन येथें संस्था स्थापन झाली. पण ती कोठें असावी, कोणाच्या ताब्यांत असावी, यावरून जिल्ह्यांतील पुढाऱ्यांशीं त्याचें वितुष्ट आलें. ज्या मंडळींनीं त्याच्या मिरवणुकींत हार घातले होते, तींच आतां त्याच्या वाटेंत उभीं राहिलीं. शिक्षकांचे पगार थकले, मुलांना आणणाऱ्या मोटारींचें भाडें थकलें, तेव्हां यॉर्कनें आपली शेती गहाण टाकली. एकदां नव्हे, दोनदां. संस्थेचें अध्यक्षपद चालवितांना त्याचे नऊ महिन्यांचें शिक्षण विरोधकांनीं चघळलें, आणि १९३६ सालीं त्याला तें पद सोडावें लागलें. शाळा मात्र राज्यसरकारनें चालू ठेवली. ती आजहि जेम्सटाउनला त्याच्या नांवानें चालते, आणि राज्याच्या खर्चानें चालते. आपली आठवण लोकांनीं लढाईपेक्षां या शाळेसाठीं ठेवावी, असें तो म्हणे.

दुसरें महायुद्ध जवळ येऊं लागलें तेव्हां त्याच्या मनाचे पुन्हा दोन भाग झाले. पहिल्या युद्धानें काय साधलें, असा प्रश्न तो कांहीं वर्षें उघडपणें विचारीत होता. पुढें हिटलरच्या आक्रमणानें त्याचें मत पालटलें. बोलपटाला दिलेला इतक्या वर्षांचा नकारहि त्यानें मागें घेतला. एक बायबल-शाळा काढण्यासाठीं त्याला पैसा हवा होता. गॅरी कूपरनें त्याची भूमिका केली आणि तिच्यासाठीं ऑस्कर मिळविलें. १९४२ सालीं, चौपन्नाव्या वर्षीं, यॉर्कनें पुन्हा सैन्यासाठीं नांव नोंदविलें. या वेळीं सूट मागितली नाहीं, पण प्रकृतीमुळें रणांगणावर कोणी पाठविलें नाहीं. छावण्याछावण्यांतून शिपायांना धीर देत तो फिरला.

या बोलपटाच्या पैशानेंच त्याचें म्हातारपण कडू केलें. मिळालेलें धन त्यानें बहुतेक वांटून टाकलें होतें, आणि त्यावरील प्राप्तिकराचा हिशेब कधीं नीट ठेवला नव्हता. १९५१ सालीं सरकारनें ८५,४४२ डॉलरची मागणी केली. १९५४ सालीं अर्धांगाचा झटका येऊन तो अंथरुणाला खिळला. व्याज चढत चढत रक्कम १,७२,७२३ डॉलरवर गेली. कायद्यापुढें सर्व सारखे हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. तरी ज्या राष्ट्रानें या मनुष्याचें मन न विचारतां त्याला बंदूक दिली, त्यानें या आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याच्या उशाशीं व्याजाचा कागद धरावा, हें वाचतांना मन विटतें. अखेर १९६१ सालीं लोकप्रतिनिधिगृहाचे सभापति सॅम रेबर्न यांनीं पुढाकार घेऊन वर्गणी जमविली आणि २५,००० डॉलरवर तो तंटा मिटला.

२ सप्टेंबर १९६४ रोजीं नॅशव्हिलच्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत यॉर्क वारला. त्याला पॉल मॉलला आणून वुल्फ नदीकांठच्या स्मशानभूमींत पुरलें. ग्रेसी त्याच्यामागें वीस वर्षें जगली. १९८४ सालीं तिलाहि त्याच्याच शेजारीं ठेवलें. त्याचें घर आणि नदीवरची पिठाची गिरणी राज्यानें जतन करून ठेवली आहे.